कावासाकी रोग

कावासाकी रोग हा प्रामुख्याने पाच वर्षांखालील मुलांना होणारा, तीव्र ज्वरासह येणारा रक्तवाहिन्यांचा दाह आहे. या रोगात शरीरातील मध्यम आकाराच्या रोहिण्यांच्या (धमन्यांच्या) भित्तिकांना सूज येते. हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरवणाऱ्या हृद्‌रोहिण्यांवर तिचा विशेष परिणाम होतो. ताप, पुरळ, लाल डोळे ही बाह्य लक्षणे उपचारांशिवायही काही आठवड्यांत मावळतात. परंतु उपचार न झालेल्या सुमारे एक चतुर्थांश मुलांच्या हृद्‌रोहिण्यांत दोष निर्माण होतात. विकसित देशांत मुलांना जन्मानंतर जडणाऱ्या हृदयविकारांचे हे सर्वांत प्रमुख कारण मानले जाते. टोकियोतील बालरोगतज्ज्ञ तोमिसाकु कावासाकी यांनी १९६७ मध्ये ५० रुग्णांच्या निरीक्षणांवरून या रोगाचे प्रथम सविस्तर वर्णन केले. त्याचा हृदयाशी असलेला संबंध मात्र शवविच्छेदने, हृद्‌विद्युत् आलेख आणि देशव्यापी पाहणी यांच्या आधारे पुढील काही वर्षांत सिद्ध झाला.

नाव

कावासाकी यांनी या रोगाला दिलेले मूळ नाव बरेच लांब होते. ताप, त्वचा व श्लेष्मल त्वचेवरील लक्षणे, लसिका ग्रंथींची सूज आणि बोटांच्या टोकांची साल निघणे या सर्वांचा त्यात उल्लेख होता. त्यावरूनच वैद्यकीय वाङ्मयात पुष्कळ काळ ‘श्लेष्मत्वचा-लसिकाग्रंथी लक्षणसमूह’ या अर्थाची संज्ञा रूढ होती. पुढे संशोधकाच्या नावावरून ‘कावासाकी रोग’ हे सुटसुटीत नाव सर्वत्र प्रचारात आले. जपानमधील कावासाकी हे औद्योगिक शहर किंवा मोटारसायकलींमुळे भारतीयांना परिचित असलेली त्याच नावाची कंपनी यांच्याशी या रोगाचा काहीही संबंध नाही.

शोधाचा इतिहास

पहिले रुग्ण

तोमिसाकु कावासाकी यांचा जन्म १९२५ मध्ये टोकियोतील असाकुसा भागात झाला. चिबा येथे वैद्यकीय शिक्षण घेतल्यानंतर १९५० मध्ये ते टोकियोच्या रेडक्रॉस रुग्णालयात बालरोग विभागात रुजू झाले. जानेवारी १९६१ मध्ये त्यांच्याकडे ४ वर्षे ३ महिने वयाचा एक मुलगा दाखल झाला. त्याला अनेक दिवस ताप होता, डोळे लाल झाले होते, ओठ कोरडे पडून फुटले होते, अंगावर पुरळ होते, मानेतील गाठी सुजल्या होत्या आणि तळहात व तळपाय लालसर होऊन सुजले होते. ही लक्षणे ज्ञात असलेल्या कोणत्याही एका रोगाशी जुळत नव्हती. मुलगा बरा झाला आणि ‘निदान अज्ञात’ अशा नोंदीसह घरी गेला.

पुढच्या वर्षी तशीच लक्षणे असलेला दुसरा रुग्ण आला, तेव्हा कावासाकी यांना पहिल्या मुलाची आठवण झाली. १९६२ मध्येच त्यांनी अशा ७ रुग्णांची माहिती बालरोगतज्ज्ञांच्या प्रादेशिक सभेत मांडली. तीत त्यांनी हा स्कार्लेट फिव्हर (लोहितांग ज्वर) नसून वेगळाच लक्षणसमूह असल्याचे सुचवले. हा खरोखर नवा रोग आहे की स्टीव्हन्स-जॉन्सन या ज्ञात विकाराचाच सौम्य प्रकार आहे, यावर जपानमध्ये बरीच वर्षे मतभेद राहिले. कावासाकी यांनी रुग्णांच्या नोंदी चालूच ठेवल्या. १९६७ मध्ये अ‍ॅलर्जी या विषयाला वाहिलेल्या एका जपानी नियतकालिकात त्यांचा ४४ पानी लेख प्रसिद्ध झाला. त्यात ५० मुलांच्या ज्वराचा, पुरळाचा आणि त्वचेची साल निघण्याचा क्रम बारकाईने दिलेला आहे. आज रोगनिदानासाठी वापरल्या जाणाऱ्या कसोट्या मूलतः याच लेखातून आलेल्या आहेत.

हृदयाविषयीचा वाद

या लेखात कावासाकी यांनी हा आजार आपोआप बरा होतो आणि मागे कोणतीही विकृती ठेवत नाही, असा निष्कर्ष काढला होता. त्यांनी पाहिलेल्या रुग्णांपुरता तो निरीक्षणांना धरूनच होता. मुले ताप उतरून, हसतखेळत घरी जात होती. परंतु याच काळात इतर रुग्णालयांतून वेगळी माहिती पुढे येऊ लागली.

चिबा येथील विकृतिशास्त्रज्ञ नोबोरु तानाका यांनी १९६५ मध्ये अचानक मृत्यू पावलेल्या एका मुलाचे शवविच्छेदन केले. त्या मुलाला पूर्वी हाच आजार झाल्याचे निदान होते. त्याच्या हृद्‌रोहिणीत रक्ताची गुठळी आढळली. टोकियोच्या सेंट ल्यूक्स रुग्णालयातील ताकाजिरो यामामोतो यांना अशाच एका बालरुग्णाच्या छातीत घोड्याच्या दौडीसारखे हृद्‌ध्वनी ऐकू आले आणि हृदय निकामी होऊ लागल्याची चिन्हे दिसली. त्यानंतर त्यांनी आपल्या रुग्णांचे हृद्‌विद्युत् आलेख पद्धतशीरपणे काढले. १९६८ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने २३ रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांपैकी ११ जणांच्या, म्हणजे जवळजवळ निम्म्या मुलांच्या आलेखांत दोष होते.

एकेका रुग्णालयातील तुरळक उदाहरणांवरून हा वाद मिटण्यासारखा नव्हता. १९७० मध्ये जपानच्या आरोग्य मंत्रालयाच्या साहाय्याने पहिली देशव्यापी पाहणी हाती घेण्यात आली. देशभरातील रुग्णालयांच्या नोंदी एकत्र आल्या, तेव्हा या आजारातून बाहेर पडल्यानंतर अचानक मृत्यू पावलेल्या १० मुलांच्या शवविच्छेदनांची माहिती उजेडात आली. एका डॉक्टरच्या आयुष्यात क्वचितच दिसणारी घटना अनेकांच्या नोंदी एकत्र मांडल्यावर नियमितपणे घडत असल्याचे दिसून आले. १९७४ मध्ये कावासाकी, साथरोगतज्ज्ञ इत्सुझो शिगेमात्सु व इतर सहकाऱ्यांनी या रोगावर इंग्रजीत लेख लिहिला, त्या वेळेपर्यंत हृद्‌रोहिण्यांच्या दाहाशी असलेला त्याचा संबंध जपानमध्ये मान्य झालेला होता.

पुढचा टप्पा जिवंत रुग्णांच्या तपासणीचा होता. कुरुमे विद्यापीठातील हिरोहिसा कातो यांनी आजारातून उठलेल्या मुलांच्या हृद्‌रोहिण्यांची क्ष-किरण चित्रे (अँजिओग्राफी) काढली आणि १९७५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. वरवर पूर्ण निरोगी दिसणाऱ्या मुलांमध्येही या रोहिण्यांना फुगे आलेले त्यांना आढळले. त्यानंतर श्राव्यातीत ध्वनिलहरींनी हृदयाचे चित्र दाखवणारी टू-डी एको तपासणी प्रचारात आली आणि शरीरात नळी न घालता हे दोष पाहणे शक्य झाले.

जपानबाहेरील नोंदी

१९७० च्या दशकाच्या आरंभी हवाई बेटांवर मॅरियन मेलिश आणि रॅकेल हिक्स यांनी हा रोग स्वतंत्रपणे ओळखला. १९७७ मध्ये अमेरिकेतील विकृतिशास्त्रज्ञ बेंजामिन लँडिंग व युनिस लार्सन यांनी जुन्या शवविच्छेदनांची तुलना केली. पूर्वी ‘तान्ह्या मुलांचा गाठाळ रोहिणीदाह’ या नावाने नोंदलेली विकृती आणि कावासाकी रोगाने झालेल्या मृत्यूंमधील विकृती एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत, असे त्यांनी दाखवले. यावरून हा रोग नव्याने उद्भवलेला नसून बऱ्याच काळापासून दुसऱ्या नावाखाली अस्तित्वात होता, या मताला बळ मिळाले. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील सॅम्युअल जी यांनी १८७१ मध्ये एका ७ वर्षांच्या मुलाच्या हृद्‌रोहिण्यांवरील फुग्यांचे वर्णन केले होते. ते या रोगाचे सर्वांत जुने ज्ञात उदाहरण असावे, असे अनेक अभ्यासक मानतात.

लक्षणे

रोगाची सुरुवात अचानक येणाऱ्या तीव्र तापाने होते. हा ताप प्रतिजैविकांना दाद देत नाही. ५ दिवस किंवा अधिक काळ ताप असून पुढील पाचपैकी चार लक्षणे आढळल्यास कावासाकी रोगाचे निदान केले जाते :

१. दोन्ही डोळे लाल होणे. परंतु त्यांतून पू किंवा चिकट स्राव न येणे.
२. ओठ लाल व कोरडे होऊन त्यांना भेगा पडणे, जीभ लाल व खरबरीत होणे.
३. अंगावर, विशेषतः धडावर व जांघेत, पुरळ येणे.
४. तळहात व तळपाय लाल होऊन सुजणे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात नखांलगतच्या त्वचेपासून बोटांची साल निघणे.
५. मानेतील लसिका ग्रंथींना सूज येणे. ही सूज बहुधा एकाच बाजूला असते.

मूल अत्यंत चिडचिडे होते. काही मुलांना उलट्या, जुलाब, सांधेदुखी किंवा कावीळ होते. बीसीजी लस टोचलेल्या जागी लाली व सूज येणे हे लहान बाळांतील उपयुक्त चिन्ह आहे. जपान व भारत यांसारख्या, बहुतेक सर्व बालकांना ही लस देणाऱ्या देशांत त्याचा विशेष उपयोग होतो.

रोग निश्चित करणारी कोणतीही एक रक्तचाचणी उपलब्ध नाही. सर्व लक्षणे एकाच वेळी दिसतात असेही नाही. पुरळ एका दिवशी उमटून दुसऱ्या दिवशी मावळते, डोळ्यांची लाली आपोआप कमी होते. त्यामुळे आधीच्या दिवसांत काय दिसले होते, हे पालकांना विचारणे निदानात महत्त्वाचे ठरते. गोवर, स्कार्लेट फिव्हर, अ‍ॅडिनोव्हायरसचा संसर्ग आणि औषधांची अ‍ॅलर्जी यांच्याशी या रोगाची गल्लत होते. तापासाठी प्रतिजैविक दिलेले असताना पुरळ उठले, तर ते औषधामुळेच आले असे समजले जाण्याचा धोका असतो.

काही मुलांत चारपेक्षा कमी लक्षणे दिसतात. त्यास ‘अपूर्ण कावासाकी रोग’ म्हणतात. सहा महिन्यांखालील बाळांत हा प्रकार अधिक आढळतो. याच वयोगटात निदान लांबते आणि हृद्‌रोहिण्यांना इजा होण्याचे प्रमाणही अधिक असते. म्हणून तान्ह्या बाळाला कारण न सापडणारा ताप दीर्घकाळ राहिल्यास टू-डी एको तपासणी करण्याची शिफारस केली जाते.

रक्तवाहिन्या व हृदयावरील परिणाम

हृद्‌रोहिण्यांचा दाह पहिल्या आठवड्याच्या अखेरीपासून तीव्र होऊ लागतो. पांढऱ्या रक्तपेशी रोहिणीच्या भित्तिकेत शिरतात आणि तिला लवचीकपणा देणारे तंतुमय थर नष्ट करतात. दुबळी झालेली भित्तिका रक्ताच्या दाबाने बाहेर फुगते. या फुगवट्यास रोहिणीविस्फार म्हणतात. त्याचा व्यास ८ मिलिमीटर किंवा अधिक असल्यास तो महाविस्फार समजला जातो. लहान मुलाची हृद्‌रोहिणी सामान्यतः २ ते ३ मिलिमीटर रुंद असते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकाराचे गांभीर्य कळते.

रोगाचा सर्वांत धोक्याचा काळ ताप उतरल्यानंतर येतो. दुसऱ्या व तिसऱ्या आठवड्यात रक्तातील प्लेटलेट म्हणजे बिंबिकांची संख्या बरीच वाढते आणि रक्त गोठण्याची प्रवृत्ती बळावते. फुगलेल्या भागात रक्ताचा वेग मंदावतो आणि आतील अस्तर दाहामुळे खराब झालेले असते. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळून आल्याने गुठळी तयार होऊन रोहिणी बंद पडू शकते आणि लहान मुलाला हृदयविकाराचा झटका येतो. लहान मुले छातीतील वेदना सांगू शकत नाहीत. अस्वस्थपणा, उलट्या, पोटदुखी, सतत रडणे किंवा अंग पांढरे पडणे एवढीच चिन्हे दिसतात. बरे होऊन घरी गेलेल्या मुलांच्या अचानक मृत्यूंचा उलगडा या प्रक्रियेतून झाला.

हृद्‌रोहिण्यांखेरीज हृदयाच्या स्नायूचा दाह, हृदयावरणात पाणी साचणे आणि झडपांतून, विशेषतः डाव्या बाजूच्या द्विदल झडपेतून, रक्त उलट वाहणे हे परिणामही तीव्र अवस्थेत आढळतात. ते बहुधा दाह ओसरल्यावर कमी होतात. क्वचित रक्तदाब एकदम खालावून रुग्णाची अवस्था गंभीर होते. काखेतील व जांघेतील रोहिण्यांनाही काही रुग्णांत विस्फार होतो.

लहान व मध्यम विस्फारांपैकी निम्म्याहून अधिक एक-दोन वर्षांत आकाराने पूर्ववत होतात. मात्र अशा जागी भित्तिका जाड झालेली असते आणि ती निरोगी रोहिणीप्रमाणे गरजेनुसार रुंदावत नाही. महाविस्फार क्वचितच पूर्ववत होतात; त्यांच्या दोन्ही टोकांना कालांतराने रोहिणी अरुंद होत जाते.

कारणे

रोगाचे निश्चित कारण सापडलेले नाही. आनुवंशिक प्रवृत्ती असलेल्या मुलाच्या प्रतिकारसंस्थेने एखाद्या संसर्गाला किंवा वातावरणातील घटकाला दिलेला अतिरेकी प्रतिसाद म्हणजे हा रोग, असे सामान्यतः मानले जाते. संसर्गाच्या बाजूने बोलणारे पुरावे अनेक आहेत. अगदी लहान अर्भकांत व प्रौढांत रोग विरळ असतो. त्याचे प्रमाण ऋतूनुसार बदलते. जपानमध्ये १९७९, १९८२ आणि १९८६ मध्ये त्याच्या देशव्यापी साथी आल्या होत्या. कोविड-१९ च्या निर्बंधांच्या काळात जपानमधील रुग्णसंख्या घटली, हेही या संदर्भात लक्षणीय आहे. असे असले तरी रोग एका मुलाकडून दुसऱ्याकडे थेट पसरत असल्याचा पुरावा नाही. २००८ मध्ये जपानी संशोधकांनी प्रतिकारपेशींच्या कार्याशी निगडित असलेल्या एका जनुकाचा या रोगाशी संबंध दाखवला.

प्रसार

कावासाकी रोग सर्व वंशांच्या मुलांत आढळतो. परंतु पूर्व आशियात त्याचे प्रमाण सर्वाधिक आहे. जपानमध्ये अलीकडच्या काळात पाच वर्षांखालील दर १ लाख मुलांमागे वर्षाला ३०० हून अधिक रुग्ण नोंदले गेले. अमेरिकेत हेच प्रमाण सुमारे २० आहे. अमेरिकेत वाढलेल्या जपानी वंशाच्या मुलांतही ते इतरांपेक्षा अधिक आढळते. त्यावरून आनुवंशिकतेचा वाटा सूचित होतो. मुलींपेक्षा मुलांना हा रोग सुमारे दीडपट प्रमाणात होतो.

उपचार

१९८० च्या दशकापर्यंत अ‍ॅस्पिरिन हाच मुख्य उपचार होता. १९८४ मध्ये जपानमधील केन्सेई फुरुशो व सहकाऱ्यांनी रक्तदात्यांच्या रक्तद्रवापासून मिळवलेले इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून दिल्यास हृद्‌रोहिण्यांचे दोष कमी होतात, असे दाखवले. १९८६ मध्ये अमेरिकेतील जेन न्यूबर्गर व सहकाऱ्यांच्या अभ्यासाने त्यास पुष्टी मिळाली. केवळ अ‍ॅस्पिरिन दिलेल्या गटात सात आठवड्यांनंतर सुमारे १८ टक्के मुलांत दोष होते. इम्युनोग्लोब्युलिनही दिलेल्या गटात ते सुमारे ४ टक्के होते. १९९१ मध्ये याच संशोधकांनी चार दिवस विभागून देण्याऐवजी एकच मोठी मात्रा देणे अधिक परिणामकारक असल्याचे सिद्ध केले. तेव्हापासून वजनाच्या दर किलोग्रॅममागे २ ग्रॅम ही एकच मात्रा प्रमाण मानली जाते.

हा उपचार ताप सुरू झाल्यापासून १० दिवसांच्या आत, शक्य तर त्याही आधी, करावयाचा असतो. सुमारे १० ते २० टक्के मुलांचा ताप पहिल्या मात्रेनंतरही राहतो किंवा परततो. त्यांना दुसरी मात्रा, स्टेरॉइडे किंवा इन्फ्लिक्सिमॅबसारखी दाहरोधक औषधे दिली जातात. बिंबिका एकमेकींना चिकटू नयेत म्हणून अ‍ॅस्पिरिन अल्प मात्रेत किमान ६ ते ८ आठवडे चालू ठेवतात. महाविस्फार असल्यास त्यासोबत रक्त पातळ ठेवणारी इतर औषधेही द्यावी लागतात.

अ‍ॅस्पिरिन चालू असताना मुलाला इन्फ्लुएन्झा किंवा कांजिण्या झाल्यास यकृत व मेंदूवर परिणाम करणारा राय सिंड्रोम हा दुर्मीळ विकार संभवतो. म्हणून अशा वेळी डॉक्टरांना त्वरित कळवणे आवश्यक असते. इम्युनोग्लोब्युलिन घेतल्यानंतर गोवर व कांजिण्या यांच्यावरील जिवंत विषाणूंच्या लसी सुमारे ११ महिने पुढे ढकलल्या जातात, कारण बाहेरून मिळालेली प्रतिद्रव्ये लसीचा परिणाम कमी करतात.

भारतातील स्थिती

भारतातील पहिल्या रुग्णांची नोंद १९७७ मध्ये झाली. त्यानंतर बराच काळ हा रोग येथे दुर्मीळ समजला जात असे. चंडीगढ येथील पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेने १९९० च्या दशकापासून रुग्णांच्या सलग नोंदी ठेवल्या आणि निदान होणाऱ्या मुलांची संख्या वाढत असल्याचे दाखवले. आता मुंबई, पुण्यासह मोठ्या शहरांतील बालरुग्णालयांत त्याचे निदान नियमितपणे होते. ही वाढ रोगाची किती आणि डॉक्टरांच्या जागरूकतेची किती, हे वेगळे करणे कठीण आहे.

भारतीय परिस्थितीत निदानाच्या काही विशेष अडचणी आहेत. सावळ्या त्वचेवर पुरळाची व तळहातांची लाली सहज उठून दिसत नाही. गोवर, डेंग्यू, स्क्रब टायफस यांसारखे पुरळ व ताप आणणारे रोग येथे अधिक आढळतात आणि पहिला संशय त्यांचाच घेतला जातो. उपचाराचा खर्च ही दुसरी अडचण होय. इम्युनोग्लोब्युलिनची मात्रा वजनावर अवलंबून असते. १५ किलोग्रॅम वजनाच्या मुलाला ३० ग्रॅम औषध लागते आणि त्याचा खर्च अनेक कुटुंबांना जड जातो. टू-डी एको तपासणीसाठी बालहृदयरोगतज्ज्ञ उपलब्ध असणेही लहान गावांत कठीण असते.

कोविड-१९ आणि तत्सम लक्षणसमूह

एप्रिल २०२० मध्ये इंग्लंड व इटली येथील डॉक्टरांना कावासाकी रोगाशी साम्य असलेल्या गंभीर आजाराची मुले आढळू लागली. कोविड-१९ च्या संसर्गानंतर काही आठवड्यांनी होणाऱ्या या आजारास बालकांतील बहुअवयवी दाह लक्षणसमूह असे नाव मिळाले. त्याच वर्षी मुंबईसह भारतातील अनेक शहरांतही असे रुग्ण दाखल झाले. दोन्ही आजारांत ताप, पुरळ, लाल डोळे व हृद्‌रोहिण्यांचे रुंदावणे दिसते. मात्र या नव्या आजारात मुले वयाने मोठी असतात. पोटाचे विकार, हृदयस्नायूचा दाह आणि रक्तदाब खालावणे यांचे प्रमाण बरेच अधिक असते आणि बिंबिकांची संख्या बहुधा कमी आढळते. इम्युनोग्लोब्युलिन व स्टेरॉइडे यांचा उपचार या मुलांनाही लागू पडला.

दीर्घकालीन देखरेख

निदानाच्या वेळी, एक-दोन आठवड्यांनी आणि चार ते सहा आठवड्यांनी टू-डी एको तपासणी केली जाते. या काळात हृद्‌रोहिण्या निर्दोष राहिल्यास बहुतेक मुले सर्वसामान्य जीवन जगतात आणि त्यांच्या खेळांवर बंधने घालावी लागत नाहीत. विस्फार राहिलेल्या मुलांना मात्र आयुष्यभर हृदयरोगतज्ज्ञांच्या देखरेखीची गरज असते.

लहानपणी निदान न झालेल्या काही व्यक्तींना तरुणपणी हृदयविकाराचा झटका आल्यानंतर, अँजिओग्राफीत जुने, चुनखडीसारखे कठीण झालेले विस्फार आढळतात. म्हणून ऐन तारुण्यात झटका आलेल्या रुग्णाला बालपणी दीर्घकाळ ताप, पुरळ व लाल डोळे असा आजार झाला होता का, हे विचारले जाते. ज्या मुलांचे निदान झालेले आहे त्यांच्या बाबतीत रुग्णालयाचे कागद, विशेषतः टू-डी एकोचे अहवाल, जपून ठेवणे महत्त्वाचे असते. ज्या वयात हा आजार होतो, त्या वयाची आठवण रुग्णाला स्वतःला सहसा राहत नाही.

तोमिसाकु कावासाकी यांचे ५ जून २०२० रोजी वयाच्या ९५ व्या वर्षी निधन झाले. रेडक्रॉस रुग्णालयातून १९९० मध्ये निवृत्त झाल्यानंतरही ते या रोगाच्या संशोधन केंद्राचे काम पाहत होते.